हॉटेलातली उमेदवारी आणि शेवटची लोकल

अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात 'अप्रेंटिस' हा शब्द कारखान्याचा आहे. ऑर्डनन्स फॅक्टरीत फिटर म्हणून लागलेला काका, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीत टर्नर झालेला शेजारी, एओसीपी (केमिकल प्लांट ऑपरेटरचा ट्रेड) करून एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत चिकटलेला मावसभाऊ, अशी माणसं बदलापूरच्या कात्रप भागातल्या कोणत्याही सोसायटीत भेटतील. आधी आयटीआय, मग वर्षभर अप्रेंटिस, जमलं तर कायम. ही वाट घराघरांत पाठ आहे. पण तोच कायदा, तोच करार आणि तेच स्टायपेंड हॉटेललाही लागू आहे, हे फारच थोड्यांना माहीत असतं. 'मला हॉटेल लाइनला जायचंय' असं बारावीचा मुलगा किंवा मुलगी म्हणाली की घरातून दोनच पर्याय पुढे येतात: लाखांत फी घेणारं कॉलेज, नाहीतर ओळखीच्या हॉटेलात 'आधी जाऊन बघ तरी' असं बिनकागदाचं काम. या दोहोंच्या मधे नोंदणीकृत शिकाऊ उमेदवारीची वाट आहे. ती किती खरी, किती पोकळ आणि कात्रपहून चालायला किती लांब, हे नीट पाहायला हवं.

'उमेदवारी' हा शब्द मराठीत जुना. कचेरीत जागा रिकामी होईपर्यंत पगाराविना कारकुनी करत राहायची, तिला उमेदवारी करणं म्हणत. साहेबाची मर्जी हाच त्यातला करार. १९६१ च्या अप्रेंटिसेस अ‍ॅक्टने या मर्जीच्या जागी कागद आणला. शिकणारा आणि शिकवणारी आस्थापना यांच्यात लेखी करार होतो, त्याची सरकारकडे नोंद होते, मुदत ठरलेली असते आणि दरमहा स्टायपेंड द्यावंच लागतं. या कायद्यात कुक, बेकर अँड कन्फेक्शनर, स्टुअर्ड, हाउसकीपर असे हॉटेलातले ट्रेड आहेत. २०१४ च्या दुरुस्तीने 'ऐच्छिक ट्रेड' आले, म्हणजे आपल्या गरजेचा अभ्यासक्रम आखून सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत शिकाऊ घेण्याची मुभा मालकाला मिळाली. २०१९ च्या नियमांनी व्याप्ती वाढवली. कंत्राटी माणसं धरून ज्या ठिकाणी ३० किंवा अधिक जण काम करतात, तिथे २.५ ते १५ टक्के शिकाऊ घेणं बंधनकारक झालं. ४ ते २९ माणसं असतील तिथे ते मालकाच्या इच्छेवर आहे. हा शेवटचा तपशील लक्षात ठेवा, कात्रपचा प्रश्न त्यातच अडकलेला आहे.

पैशांचं सांगायचं तर २०१९ च्या नियमांत किमान स्टायपेंड असं आहे: पाचवी ते नववीपर्यंत शिकलेल्याला महिना ५,००० रुपये, दहावी उत्तीर्णाला ६,०००, बारावी किंवा आयटीआयवाल्याला ७,०००, डिप्लोमावाल्याला ८,००० आणि पदवीधराला ९,०००. दुसऱ्या वर्षी १० टक्के वाढ, तिसऱ्या वर्षी आणखी १५ टक्के. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने यात ३६ टक्के वाढीची शिफारस केली, तेव्हा करार करताना त्या दिवशीचा आकडा अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर पाहूनच सही करावी. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत (जिला सगळे 'नॅप्स' म्हणतात) स्टायपेंडचा चौथा हिस्सा, कमाल १,५०० रुपये, केंद्र सरकार उचलतं आणि आता तो थेट शिकाऊच्या बँक खात्यात जमा होतो. बारावीच्या मुलाचे वर्षाचे किमान ८४,००० रुपये होतात. मुंबईच्या मानाने ही रक्कम तोकडीच आहे. पण बाजूच्याच खासगी संस्थेत त्याच वर्षासाठी घरातून लाखभर भरले जातात, ते धरून हिशेब केला तर दोन वाटांमधलं अंतर पावणेदोन-दोन लाखांवर जातं. रिक्षा चालवणाऱ्या किंवा पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या घराला हा फरक लहान नाही.

हॉटेलात शिकत वर जाण्याची परंपरा मुंबईला नवी नाही. माटुंग्याच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगचे ए. रामा नायक पोरवयात गावाहून आले, भांडी घासण्यापासून सुरुवात केली आणि १९४२ मध्ये त्यांनी स्वतःची खानावळ उभी केली. दिवसा हॉटेलात राबून रात्रशाळेत शिकलेल्या मुलांच्या दोन-तीन पिढ्या या शहराने पाहिल्या. मोरीवर कपबश्या विसळणारा पोऱ्या पुढे टेबलावर येई, टेबलावरून गल्ल्यावर. या गोष्टी आपण कौतुकाने सांगतो, तेव्हा त्या पोऱ्याचं वय दहा-बारा असे हे सांगायचं राहून जातं. जे वर गेले त्यांची नावं राहिली, जे मोरीवरच राहिले त्यांची मोजदाद कुणी केली नाही. १० ऑक्टोबर २००६ पासून हॉटेल, ढाबे आणि खानावळींत १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आली. ते योग्यच झालं. पण जुनी वाट बंद झाली तेव्हा गरीब घरातल्या मोठ्या मुलांसाठी तिची जागा घेणारी सभ्य, लेखी वाट आपण पुरेशी रुंद केली नाही.

उल्हासनगरात अजून जुन्याच पद्धतीचं शिक्षण चालतं. फाळणीनंतर छावण्यांत वसलेल्या सिंधी कुटुंबांनी दाल-पकवानाच्या गाड्यांपासून केटरिंगच्या मोठ्या धंद्यापर्यंत मजल मारली, ती बापाकडून मुलाकडे आणि उस्तादाकडून हेल्परकडे आलेल्या हातांच्या जोरावर. त्या भट्ट्यांवर दहा-दहा वर्षं काढलेले कारागीर चारशे पानांची पंगत न डगमगता उठवतात, पण मोठ्या हॉटेलच्या दारात त्यांच्याकडे दाखवायला कागद नसतो. अशांसाठी 'आधीच्या कौशल्याची मान्यता', म्हणजे आरपीएल, ही सोय आहे. परीक्षा घेऊन प्रमाणपत्र मिळतं. आपल्या भागात तिचं नाव क्वचितच कानावर येतं.

आता कॉलेजची वाट. दादरची इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट १९५४ मध्ये लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने सुरू झाली. देशातल्या हॉटेल शिक्षणाची ती गंगोत्री. तिथे किंवा तिच्यासारख्या सरकारी संस्थेत प्रवेश परीक्षेतून जागा मिळत असेल आणि फी झेपत असेल, तर दुसरा विचार करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. व्यवस्थापनाच्या खुर्चीपर्यंतचं अंतर पदवीने कमी होतं. दुसरं, ओबेरॉय समूहाचा 'स्टेप' हा तीन वर्षांचा कार्यक्रम: बारावीनंतर हॉटेलात काम करत स्टायपेंड घ्यायचं आणि इग्नूची पर्यटनाची पदवी मिळवायची. निवड कडक आहे, पण इंग्रजी बरं असलेल्या कात्रपच्या मुलीने अर्ज न करण्याचं कारण नाही. तिसरं, पर्यटन मंत्रालयाची 'हुनर से रोजगार तक' ही मोफत योजना. स्वयंपाकघराच्या कामाचे आणि वाढपाचे छोट्या मुदतीचे अभ्यासक्रम. ओळख करून घ्यायला हे ठीक, पण त्याला उमेदवारी समजू नये.

गोंधळ होतो तो नावांमुळे. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये मिळतात, आणि ती २०२४ ची वेगळी योजना आहे. त्याच वर्षीची पंतप्रधान इंटर्नशिप योजना आणखी वेगळी, मोठ्या कंपन्यांमधली. कॉलेजच्या अभ्यासक्रमातलं 'इंडस्ट्रियल ट्रेनिंग' चौथंच, त्यात विद्यार्थी कॉलेजचा असतो आणि हॉटेल देईल ते घेतो. आणि पाचवं म्हणजे निव्वळ तोंडी 'ट्रेनी'. गणवेश सगळ्यांचा सारखा दिसतो, त्यामुळे आई-वडिलांना फरक कळत नाही. फरक एवढाच विचारायचा: अप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर कराराचा नोंदणी क्रमांक आहे का? असला तर शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळवता येतं, नसला तर नाही.

आत गेल्यावर काय शिकायला मिळतं, याबद्दल बाहेर फार रम्य कल्पना असतात. किचनमध्ये पहिले दोन-तीन महिने हातात कढई येत नाही. कांदा, लसूण, बटाटा. चिरण्याचे आकार, आणि ते रोज तेच. लाल पाटीवर कच्चं मांस, निळ्यावर मासे, हिरव्यावर भाजी, आणि ही शिस्त चुकली तर शेफचा आवाज. थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली, गरम ६० च्या वर, आधी आलेला माल आधी वापरायचा, डब्यावर तारीख टाकायची. हे कंटाळवाणं वाटतं, पण दोनशे पाहुण्यांना विषबाधा होऊ न देण्याची सगळी विद्या यातच आहे. किचनची उतरंड अजूनही फ्रेंच नावांची: कॉमी, मग डेमी शेफ द पार्ती (डीसीडीपी), शेफ द पार्ती (सीडीपी), सू शेफ. ती ज्यांच्यामुळे जगभर रूढ झाली ते ऑग्युस्त एस्कॉफिए स्वतः तेराव्या वर्षी काकांच्या रेस्टॉरंटात उमेदवारीला लागले होते.

हाउसकीपिंगबद्दल मला जरा आग्रहाने लिहायचं आहे, कारण मराठी घरांत त्याच विभागाचं नाव काढलं की चेहरे पडतात. 'एवढं शिकून लोकांच्या चादरी बदलायच्या?' एका पाळीत १२ ते १५ खोल्या, प्रत्येक पलंगाच्या कोपऱ्यांना सारखी घडी, आरशावर एक बोट उमटता कामा नये, आणि पाहुण्याची उशाशी राहिलेली अंगठी नोंद करून जमा करायची. वेळेचं, चादरी-टॉवेलांचं, रसायनांचं आणि माणसांचं नियोजन जेवढं इथे शिकायला मिळतं, तेवढं इतर कुठेच नाही. हॉस्पिटलं, विमानतळ, मोठी कार्यालयं या सगळ्यांना आज हे शिकलेली माणसं हवी असतात. इंग्रजीच्या धास्तीने रिसेप्शनला बिचकणाऱ्या मुलाला इथे भाषा सावकाश शिकता येते, कारण रोज लागणारी वाक्यं ठरावीक असतात आणि ब्रीफिंगमध्ये ती घोटून घेतली जातात. 'हाटेलात कामाला' या शब्दांतला तुच्छतेचा सूर आपणच सोडायला हवा. ऑर्डनन्समध्ये हात काळे करणाऱ्या काकाचा आपल्याला अभिमान वाटतो, तर हात पांढरे ठेवून शंभर खोल्या सांभाळणाऱ्या पुतणीचा का वाटू नये?

एवढं सगळं पटलं तरी खरी अडचण कात्रपच्या रिक्षा स्टँडवर सुरू होते. बदलापूर ते सीएसएमटी सुमारे ६८ किलोमीटर. मोठी हॉटेलं आहेत नरिमन पॉइंटला, वांद्रे-कुर्ला संकुलात, पवईला आणि सहार विमानतळाभोवती. सहारला जायचं तर शेअर रिक्षाने स्टेशन, लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ किंवा एअरपोर्ट रोड, मग पुन्हा चालणं. सकाळच्या पाळीला सातला गणवेशात उभं राहायचं म्हणजे चारच्या सुमारास घर सोडायचं. दुपारची पाळी रात्री अकरा-बाराला सुटते, आणि कर्जतची शेवटची लोकल सीएसएमटीहून मध्यरात्रीच्या सुमारास निघते. बँक्वेटमधलं लग्न लांबलं की ती गेलीच. सगळ्यात वाईट ती ब्रेक शिफ्ट: अकरा ते तीन काम, मग सात ते अकरा. मरोळला राहणारा मुलगा मधल्या चार तासांत घरी जाऊन झोपून येतो. बदलापूरचा मुलगा लॉकर रूमच्या बाकावर पडून राहतो. नऊ तास काम आणि चार-पाच तास प्रवास, असे सहा दिवस. शिकाऊ मुलं मधेच सोडून जातात तेव्हा मॅनेजर म्हणतात, 'आजकालच्या मुलांना कष्ट नकोत.' त्यांनी एक आठवडा बदलापूरहून येऊन पाहावं.

मुलींच्या बाबतीत प्रश्न आणखी टोकदार होतो. दुकाने व आस्थापनांच्या राज्याच्या २०१७ च्या कायद्यात महिला कर्मचाऱ्यांना रात्री साडेनऊनंतर ठेवायचं तर त्यांची संमती आणि सुरक्षिततेची, वाहतुकीची सोय ही अट आहे. शिकाऊ मुलीने हीच सोय करार करतानाच मागावी. हॉटेलची ड्रॉपची गाडी बऱ्याचदा ठाणे किंवा मुलुंडपर्यंतच येते, हे आधी विचारलं नाही तर पहिल्या रात्री कळतं.

मग करायचं काय? एक तर उलट्या दिशेला पाहावं. बदलापूरहून सकाळी कर्जतकडे जाणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळते. वांगणी, शेलू, नेरळ, पुढे माथेरान; कर्जतच्या आसपासची रिसॉर्टं. अशा ठिकाणी कामगारांची राहण्याजेवणाची व्यवस्था बहुधा मालकालाच करावी लागते, कारण रात्री घरी जाणं अनेकांना शक्य नसतं. स्टायपेंड तेवढंच असलं तरी ते जवळजवळ सगळं हातात राहतं. नाव मोठं नसेल, पण लहान मालमत्तेत शिकाऊला सगळ्या विभागांत हात घालायला मिळतो. दुसरं म्हणजे नवी मुंबई. तिथला विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी उड्डाणांना खुला झाला आहे. विमानतळाभोवती हॉटेलं उभी राहतातच, सहारने ते दाखवलं. कात्रपच्या आज दहावीत असलेल्या मुलाने त्या बाजूवर आतापासून डोळा ठेवावा.

बाहेरच्या देशांकडे पाहिलं तर जर्मनीची पद्धत सगळ्यात जवळची आणि शिकण्याजोगी. तिथे कुक किंवा हॉटेल व्यवसायाचं शिक्षण तीन वर्षांचं असतं, आठवड्यातले एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत आणि बाकीचे कामावर. २०२० पासून पहिल्या वर्षाच्या मोबदल्याची किमान मर्यादा कायद्याने ठरलेली आहे; तेव्हा ती ५१५ युरो होती, २०२५ मध्ये ६८२ झाली. शाळेचा तो दिवस मालकाला हिरावून घेता येत नाही, हे मला त्यातलं खरं बळ वाटतं. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात वेटर, स्वयंपाकी, रिसेप्शनिस्ट, हाउसकीपर यांचा समावेश आहे. पण भाषा शिकल्याशिवाय तिकडे पाऊल टाकता येत नाही, आणि भाषेला वेळ लागतो. क्रूझच्या जाहिरातींबद्दल एवढंच: जहाजावरच्या भरतीसाठी एजन्सीकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना लागतो आणि नोकरी देण्याबद्दल उमेदवाराकडून फी घेता येत नाही. 'सीट बुक करायला' पैसे मागणाऱ्याच्या दारातून तसंच परत फिरावं.

या व्यवस्थेतले दोष झाकून चालणार नाही. कायद्याच्या दृष्टीने शिकाऊ हा कामगार नाही. त्यामुळे त्याला किमान वेतन लागू होत नाही आणि २०१४ पासून त्याचे रोजचे तासही मालकच ठरवतो. याचा फायदा घेणारी हॉटेलं आहेत. वर्षभर एकाच विभागात, बहुधा जिथे माणसं टिकत नाहीत तिथे, शिकाऊला उभं केलं जातं. वर्ष संपलं की त्याला निरोप आणि नवीन शिकाऊ दाखल. याला स्वस्त मजुरीच म्हणावं लागेल. मालकाने शिकाऊला नोकरी द्यावी असं कायदा सांगत नाही, भरतीबद्दल मालकाने आपलं धोरण ठरवावं एवढंच म्हणतो. तरी शिकाऊच्या हातात काहीच नसतं असंही नाही. प्रशिक्षणात भाजलं, कापलं, इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर आहे. नगावर किंवा कामाच्या मापावर पैसे देण्याला मनाई आहे. करारावरून वाद झाला तर तो अप्रेंटिसशिप अ‍ॅडव्हायझरकडे नेता येतो, आणि त्यासाठी आयटीआयच्या यंत्रणेतली बीटीआरआय (मूलभूत प्रशिक्षणाची) केंद्रं हा पहिला दरवाजा. माझं मत असं की प्रत्येक शिकाऊने साधी वही ठेवावी: तारीख, विभाग, तास, आज काय शिकलो. वादाच्या वेळी ती पुरावा ठरते आणि मुलाखतीच्या वेळीही तीच उपयोगी पडते.

आणि आता तो राहिलेला तपशील. कात्रप, शिरगाव, कुळगाव, अंबरनाथचा स्टेशन परिसर इथे चांगली चालणारी रेस्टॉरंटं, बेकऱ्या, केटरर आणि मंगल कार्यालयं भरपूर आहेत. पण बहुतेकांकडे दहा, पंधरा, वीस माणसं. तीसच्या खाली असल्याने त्यांच्यावर सक्ती नाही, आणि सक्ती नाही म्हणून नोंदणी नाही. परिणामी घराच्या दहा मिनिटांवर तंदूर पेटलेला असताना आमची मुलं शिकायला साठ किलोमीटर जातात. चार माणसांपासून पुढच्या कोणत्याही आस्थापनेला शिकाऊ घेता येतो आणि स्टायपेंडचा एक भाग सरकारकडून येतो, हे या मालकांपर्यंत कुणी पोहोचवलेलं दिसत नाही. अंबरनाथची आयटीआय, नगरपरिषद आणि इथल्या हॉटेल व्यावसायिकांनी एकत्र बसून हे करायला हवं. पहिले सहा महिने किंवा वर्ष इथे, घरून जाऊन-येऊन, आणि हातात प्रमाणपत्र आल्यावर मोठ्या हॉटेलची वाट, अशी दोन टप्प्यांची रचना या पट्ट्याला सगळ्यात सोयीची आहे. अठराव्या वर्षी रात्रीची शेवटची गाडी चुकवून फलाटावर बसण्यापेक्षा एकोणिसाव्या वर्षी कॉमीचं काम हातात घेऊन सहारला जाणं केव्हाही बरं.

कात्रपमधल्या हॉटेल आणि बेकरीच्या मालकांना म्हणूनच विनंती आहे. पुढच्या वेळी 'हेल्पर पाहिजे' अशी पाटी लावण्याआधी अप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर आस्थापनेची नोंदणी करा आणि एक शिकाऊ घ्या. आणि पालकांनो, मुलाचा लोकलचा पास काढण्याआधी त्याच्या कराराचा क्रमांक मागा.